पाच माळांचा आवाज

बाबा आवाजांची जाडी मोजत. तारेला जशी मापं असतात, तशी त्यांच्याकडे आवाजालाही तीन मापं होती: बारीक, मध्यम आणि जाड. काचेच्या नळ्या ज्योतीवर वाकवून दुकानांच्या रंगीत निऑन पाट्या करण्यात ज्या माणसाची चाळीस वर्षं गेली, त्याला जग नळीच्या आणि तारेच्या हिशेबातच कळावं, यात नवल नव्हतं. ज्योत नीट लागली की ती मध्यम बोलते. नळीला केसाएवढी चीर असली तर तिच्यातली हवा ओढणाऱ्या पंपाचा आवाज बारीक होतो. आणि विज्ञानदालनातली, माथ्यावरून विजेच्या ठिणग्या उडवणारी टेस्ला कॉइल, जी त्यांनी आपल्या हातांनी उभी केली आणि सव्वीस वर्षं दर रविवारी लोकांना चालवून दाखवली, ती जाडच बोलली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांचा उजवा कान त्या कॉइलनेच खाल्ला होता. ठिणगीची फट, म्हणजे ठिणगी जिथे उडते ते दोन टोकांमधलं अंतर, लावताना ते उजवा कान तिच्याकडे करून उभे राहत आणि डोळे मिटून घेत. कानात कापसाचा बोळा घाला म्हणून कुणी सांगितलं, तर म्हणत, "मग फट काय नाकाने लावू?"

डाव्या कानाचं दुखणं वेगळं होतं. आत, ऐकण्याच्या नसेवर, गाठ होती. डॉक्टरांनी एका कागदावर चित्र काढून समजावलं होतं: गाठ काढायची तर नस वाचणार नाही, आणि गाठ राहू द्यायची तर माणूस वाचणार नाही. शस्त्रक्रिया मंगळवारी ठरली. बाबांनी तो कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू निरखली आणि म्हणाले, "इकडे काही छापलेलं नाही वाटतं."

डॉक्टर हसले. मुलगी हसली नाही. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

ती त्यांची एकुलती एक मुलगी, आणि त्याच विज्ञानदालनात यंत्रांची देखभाल करणारी. तिचा आवाज मुळातच बारीक. गेल्या वर्षी बाबांचं ऐकणं कमी होऊ लागलं, तेव्हा वरच्या पट्टीतले आवाज आधी गेले, आणि त्यांत सगळ्यांत आधी तिचा गेला. दुधवाल्याची हाक बाबांना ऐकू येई, शेजाऱ्यांचा खोकला ऐकू येई. समोर बसून बोलणारी मुलगी मात्र नुसते ओठ हलवत असे. मग तिने हळूहळू छातीतून, घसा दाबून बोलायची सवय केली. त्यांच्या डाव्या कानाशी वाकून ती त्या भरड, उसन्या आवाजात दोन-चार शब्द बोले, आणि ते मान हलवत. त्याहून लांबलचक काही असलं तर पाटी-खडू होताच.

दालनाच्या किल्ल्या सांभाळणारे काका, ज्यांना सगळे किल्लीवाले काकाच म्हणत, तिला एकदा म्हणाले, "फोनवर मला वाटलं साहेबच बोलताहेत. मी उठून उभा राहिलो ना."

"बसा आता," ती त्याच आवाजात म्हणाली.

डॉक्टरांकडून परतताना बाबांनी बसमध्ये तिला विचारलं होतं, "सोमवारपर्यंत एकदा कॉइल ऐकवशील?"

त्यांनी दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

हे मागणं साधं नव्हतं, कारण कॉइलचा तो जाड आवाजच मुळी उरला नव्हता, आणि तो घालवण्याला तीच कारण होती. बाबांनी केलेला, वीज साठवणारा कंडेन्सर म्हणजे काचेची मोठाली तावदानं आणि मधून मधून जस्ताचे पत्रे, सगळं तेलाच्या टाकीत बुडवलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यातली तावदानं एकामागून एक तडकली. तिने त्या जागी नव्या पद्धतीचे, बोटाच्या पेराएवढे तयार कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, लावले. दहा-दहा एकामागे एक जोडून त्यांची एक माळ होते, आणि अशा माळा शेजारी शेजारी लावल्या की एकूण धारणा, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, वाढत जाते. त्या वेळी तिला तीन माळांपुरतेच कपॅसिटर मिळाले. कॉइल चालू झाली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, पण बाबा मात्र दाराशीच थांबले. त्या वेळी त्यांना अजून बरंच ऐकू येत होतं.

"बारीक झाली गं," ते म्हणाले होते. "पोरांचा आवाज मोठेपणी फुटतो. हिचा म्हातारपणी कोवळा झाला."

कारण तिला ठाऊक होतं. ट्रान्स्फॉर्मर हा नळ समजावा आणि कपॅसिटर त्याखालची घागर. घागर भरली की फटीतून ठिणगी पडते, सगळं पाणी एकदम कॉइलमध्ये ओतलं जातं, आणि घागर पुन्हा भरू लागते. घागर लहान असली तर ती चटकन भरते आणि पुन्हा पुन्हा सांडते. मग फट सेकंदाला कितीतरी वेळा उडते, तापते, चिरक्या आवाजात ओरडते, आणि कॉइलच्या माथ्यावरच्या ठिणग्या केसांसारख्या विरळ निघतात. घागर मोठी असली तर ती सावकाश भरते, सांडते तेव्हा भडभडून सांडते, आणि फटीचा प्रत्येक ठोका वजनदार पडतो. फार मोठी करून भागत नाही. नळाला ती वेळेत भरताच आली नाही, तर फट गप्प बसते.

बाबांच्या जुन्या तावदानांएवढी धारणा यायला आठ माळा लागणार होत्या. म्हणजे आणखी पन्नास कपॅसिटर. डॉक्टरांकडून परतल्यावर तिने त्याच संध्याकाळी मागणी नोंदवली. शुक्रवारी पार्सल आलं, त्यात वीस निघाले. उरलेले तीस बुधवारी येतील, असं दुकानदाराने कळवलं.

वीस म्हणजे दोन माळा. आधीच्या तीन धरून झाल्या पाच.

आणि पाच हाच आकडा वाईट होता. ट्रान्स्फॉर्मरची ताकद आणि कपॅसिटरची धारणा यांचा मेळ ज्या मापाला तंतोतंत बसतो, ते माप या ट्रान्स्फॉर्मरसाठी नेमकं पाच माळांचं होतं. इतका मेळ बसला की दोघं एकमेकांना झोका देऊ लागतात. प्रत्येक फेऱ्यात झोका थोडा उंच जातो, आणि फट लहान ठेवून त्याला वेळीच अडवलं नाही, तर विजेचा दाब इतका चढतो की ट्रान्स्फॉर्मरचं पोट आतून फाटतं. म्हणूनच जाणकार माणूस त्याहून दीडपट मोठी धारणा लावतो. बाबांनी तिला हे ती शाळेत असताना शिकवलं होतं. "अगदी जुळतंय असं वाटलं ना, की समज धोका आहे," ते म्हणाले होते. "थोडं बेजुळत ठेवायचं. त्यात आयुष्य असतं."

तो ट्रान्स्फॉर्मर त्यांच्या पाट्यांच्या कारखान्यातला शेवटचा होता. निऑनच्या पाट्या आता कुणी करत नव्हतं. तसले डांबर भरलेले, दोन माणसांनी उचलायचे ट्रान्स्फॉर्मर बनणंही थांबलं होतं.

शनिवारी तिने चारच माळा जोडल्या. धारणा वाढली म्हणून खालच्या तांब्याच्या वेटोळ्यावरचा चिमटा एक वेढा आत सरकवला आणि बाबांना खुर्चीवर बसवून बटण दाबलं. फट उडू लागली. माथ्यावरून हातभर जांभळ्या फांद्या फुटल्या. किल्लीवाल्या काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बाबा डोळे मिटून, डावा कान पुढे करून बसले होते, जिवाचा कान करून. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लावतेस ना?"

तिने बटण बंद केलं. "झालं लावून," असं ती त्यांच्या कानाशी म्हणाली नाही. म्हणाली, "उद्या."

रविवारी दालन पाहुण्यांसाठी बंद होतं. रंगकाम चालू होतं आणि रंगारी दुसऱ्या मजल्यावर होते. ती सकाळी आठलाच आली. पाचवी माळ जोडली, चिमटा आणखी सरकवला, फट अगदी अरुंद ठेवली. बटण दाबताच राखण भुंकू लागली. राखण म्हणजे ट्रान्स्फॉर्मरच्या तोंडाशी लावलेली दुसरी, लहान फट. दाब प्रमाणाबाहेर चढला की तो तिच्यातून उडून जावा आणि ट्रान्स्फॉर्मर वाचावा, एवढ्यासाठी बाबांनी ती बसवली होती आणि तिचं नावही त्यांनीच ठेवलं होतं. पाच माळांवर राखण दर ठोक्याला उडत होती आणि सगळा जोर खाऊन टाकत होती. मोठी फट नुसती खोकत होती.

ती बराच वेळ राखणीसमोर उभी राहिली. मग पेचकस घेतला आणि तिची फट रुंद करायला स्क्रू दीड फेरा सैल केला.

पुन्हा बटण दाबलं. आता राखण गप्प होती, आणि फट बोलत होती. आवाज जाड नव्हता, पण मध्यम होता. फट अशीच अरुंद ठेवायची, तिला कुणी हात लावायचा नाही, पाच मिनिटं चालवायची आणि बंद करायची. मध्यमही पुरेल, असं तिने स्वतःला समजावलं. मंगळवार दोन दिवसांवर होता आणि बुधवार तीन.

बाबा दुपारी आले. इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी केली होती.

"लग्नाला निघालात की काय?" किल्लीवाले काका मोठ्याने, सावकाश म्हणाले.

"पाठवणीला," बाबा म्हणाले.

काकांनी खिडक्यांचे काळे पडदे ओढले आणि ते दाराशी स्टुलावर बसले. बाबा खुर्चीत बसले. तिने त्यांच्या कानाशी वाकून त्या दुसऱ्या आवाजात सांगितलं, "पाच माळा. फटीला हात नाही लावायचा."

"पाच?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "राखण आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. राखण होती.

बटण दाबलं. अंधारात माथ्यावरून फांद्या फुटल्या, कालच्यापेक्षा लांब आणि भरीव. बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवर जांभळा उजेड लुकलुकत होता. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मध्यम पुरलं नव्हतं.

मग ते उठले.

फटीचा स्क्रू फिरवायला हातभर लांब लाकडी दांडी होती. इतक्या वर्षांनीही ती कुठे टेकवून ठेवलेली असते, हे त्यांना पाहावं लागलं नाही. ते फटीसमोर जाऊन उभे राहिले. फक्त या वेळी डावा कान तिच्याकडे केला. डोळे मिटलेलेच. फट लावायची त्यांची एकच रीत होती: कापड टरकावल्यासारखा आवाज जाऊन टाळी वाजवल्यासारखा आवाज येईपर्यंत उघडत न्यायची, आणि मग अर्धा फेरा मागे यायचं. त्या अर्ध्या फेऱ्यात ट्रान्स्फॉर्मरचा जीव असतो. पण टरकावणं संपून टाळी कधी लागली, हे ज्याला ऐकू येतं, त्यालाच तो अर्धा फेरा मागे येता येतं.

त्यांनी दांडी लावली आणि फिरवली. टाळी पहिल्याच पाव फेऱ्यात लागली. तिने ऐकली, काकांनी ऐकली. बाबा फिरवतच राहिले.

बंद करायचं लाल बटण तिच्या हाताखाली होतं. बोट त्यावर टेकलेलं होतं, नुसतं दाबायचा अवकाश. ठोक्यांचा आवाज आता खाली उतरत होता, जमिनीतून येत होता, खिडक्यांची तावदानं पडद्यांमागे थरथरत होती. माथ्यावरच्या फांद्या छताच्या तुळईपर्यंत पोचल्या. त्या कॉइलने इतका मोठा उजेड तिच्या उभ्या आयुष्यात पाडला नव्हता.

बाबांनी मोकळ्या हाताचं एक बोट वर केलं.

"आली," ते म्हणाले.

बोट तसंच वर होतं. तोंड किंचित उघडं पडलं होतं. एखादं माणूस जिन्यावरून वर येत असावं आणि त्याची पावलं ओळखीची वाटावीत, तसं ते मान कलती करून ऐकत होते. "जाड आहे," ते म्हणाले. "जाड आहे गं."

तिने बटणावरचं बोट उचललं. फार तर दहा सेकंद, असं तिने मनाशी म्हटलं. त्यांना अजून एक पाव फेरा हवा होता, आणि त्यांनी तो घेतला.

मग एकाएकी काहीच उरलं नाही. फांद्या मालवल्या. तावदानं स्थिर झाली. दुसऱ्या मजल्यावर रंगाऱ्यांची शिडी सरकवल्याचा आवाज तेवढा आला.

तिने बटण बंद केलं. अंधारात तिला बाबांच्या सदऱ्याचा पांढरेपणा दिसत होता. ते हलले नव्हते. दांडी हातात होती, बोट अजून वर होतं, डोळे मिटलेलेच असणार. मग ते बोट हळूहळू खाली आलं.

"गेलं," ते म्हणाले. "मंगळवारपर्यंतही थांबलं नाही."

त्यांना वाटत होतं, कान गेला.

ती जागच्या जागी उभी राहिली. दोन पावलांवर त्यांचा डावा कान होता. तिथे जाऊन सांगायचं ते काय? कान शाबूत आहे, कॉइल तुमच्या हातून मेली? की काहीच न सांगता तसंच राहू द्यायचं, म्हणजे कॉइल बोलत असतानाच आपण बहिरे झालो, असं समजून ते घरी जातील? दोन्ही वाक्यं तिच्या घशापर्यंत आली. त्यांतलं एकही त्या भरड आवाजात बसत नव्हतं.

काकांनी पडदा ओढला. उजेड आत आला, आणि त्याच्यासोबत कोपऱ्यातून उग्र, गोडसर वास पसरला. बाबांच्या नाकपुड्या हलल्या. चाळीस वर्षांत त्यांनी हा वास कितीतरी वेळा घेतला असेल.

"डांबर," ते म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. कोपऱ्यातल्या ट्रान्स्फॉर्मरच्या झाकणाखालून काळा, दाट ओघळ निघाला होता आणि त्यावर धुराची एक बारीक रेघ उभी होती. बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मालवलेल्या कॉइलकडे.

"म्हणजे कान नव्हता गेला," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू पुरतं उमटण्याआधीच, त्याचा अर्थ काय होतो, हे त्यांना कळलं. दांडी त्यांनी भिंतीला टेकवली. पहिल्यांदा ती घसरली, म्हणून पुन्हा नीट टेकवली. मग ते ट्रान्स्फॉर्मरजवळ जाऊन उकिडवे बसले आणि गुरं आजारी असताना त्यांच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी त्यावर हात ठेवला.

"माझ्या हाताने," ते म्हणाले. "शेवटचा होता."

ती त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली. डाव्या कानाशी तोंड नेलं.

"राखण मी उघडली होती," ती म्हणाली. "सकाळी."

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. मग विचारलं, "किती?"

"दीड फेरा."

"अर्धा पुरला असता." त्यांनी हात काढला नाही. "मला टाळी ऐकूच आली नाही. तुला आली होती?"

"आली होती."

"मग बटण?"

तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. किल्लीवाले काका दाराशी पाठ करून उभे होते आणि किल्ल्यांच्या जुडग्यातली प्रत्येक किल्ली निरखत होते.

"शेवटी होता तो आवाज," बाबा म्हणाले, "मला आला तेवढाच होता, की वर आणखी काही होतं?"

वर खूप काही होतं. ठोक्यांच्या अंगावर एक सळसळ होती, आणि तिच्याही वर, अगदी टोकाला, काचेवरून नख ओढावं तसा एक झिरझिरीत सूर होता. तिच्या स्वतःच्या आवाजाच्या पट्टीतला.

"तेवढाच होता," ती म्हणाली.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. ठरल्यासारखी झाली, असं डॉक्टर म्हणाले. बुधवारी दुपारी दालनात पार्सल आलं. तिने ते फोडलं, मोजलं आणि तशीच दवाखान्यात गेली. बाबा उशीवर टेकून बसले होते. डोक्याला डावीकडून पट्टी होती. ती खाटेच्या कडेवर बसली, पट्टीकडे वाकली आणि छातीतून, घसा दाबून म्हणाली, "बाबा, पार्सल आलं."

शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईने वळून पाहिलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि पिशवीतून पाटी काढली. लिहिलं: पार्सल आलं. तीस आहेत.

त्यांनी वाचलं. खडू मागितला. प्रत्येक अक्षर ते नळी वाकवावी तसं सावकाश वळवत होते.

डांबर रॉकेलात भिजव. तीन आठवडे. गुंडाळी फाटली कुठे ते बघू.

तिने मान हलवली. त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

आठ माळा कर. राखण मी लावीन.

पुन्हा पुसलं. या वेळी खडू पाटीवर टेकवून ते बराच वेळ थांबले.

आवाज कसा येतो ते लिहून सांगत जा.

पाटी त्यांनी तिच्या हातात दिली आणि डोळे मिटले, फट लावताना मिटत तसे. तिने खडू उचलला. जाड, असं लिहिलं. मग तो शब्द अपुरा वाटला, म्हणून त्याच्यापुढे आणखी काही लिहायला गेली. खडू काचेवरून नख ओढावं तसा पाटीवर कर्रकन ओरडला, आणि ती दचकून थांबली. बाबांच्या पापण्या हलल्या नाहीत.